दुभाष्याची बाजू

पुस्तकबांधणीच्या त्या कारखान्यात सकाळी सर्वांत आधी पोचणारी बाई म्हणजे खळमावशी. मैद्याची खळ शिजायला पाऊण तास लागतो आणि ती निवून हाताळण्याजोगी व्हायला आणखी दोन. म्हणून बाकीच्या सात जणी नऊला येत असल्या, तरी मावशीने सहाला कुलूप उघडायचे असा नेम होता. पाण्यात मैदा, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि मग गुठळी होऊ न देता एकाच दिशेने फिरत राहणारा लाकडी दांडा. बावीस वर्षे हे काम करून तिच्या उजव्या खांद्याला एक कायमची ढब आली होती. रस्त्याने ती रिकाम्या हातांनी चालली, तरी काहीतरी ढवळीत चालली आहे असे पाहणाऱ्याला वाटे.

तीन तास आधी येणारीने तीन तास आधी जावे, हेही ठरलेलेच होते. मावशी चारला सुटे, इतर बायका सातला. संध्याकाळी सहाला टीव्हीवर एक ऐतिहासिक मालिका लागत असे, आणि या वेळापत्रकामुळे आठ जणींपैकी एकट्या मावशीलाच ती पाहता येई. कारखान्यातली एक प्रथा या विषमतेतूनच निघाली होती.

सकाळी नऊ ते दहा हा मावशीचा तास. छापखान्यातून आलेल्या मोठ्या तावाला तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा तयार होतो, आणि प्रत्येकीने तासाला दीडशे फर्मे घालावेत अशी अपेक्षा असे. या एका तासात मावशी तावाला हात लावीत नसे. तिच्या वाटणीचे दीडशे ताव बाकीच्या सात जणी दिवसभरात सवडीने आपसांत वाटून घेत, प्रत्येकी वीस-बावीस. त्या बदल्यात मावशीने टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे राहून काल मालिकेत काय घडले ते सांगायचे. हा करार कुणी लिहून ठेवला नव्हता. मालिका नंतर फोनवरही पाहता येते हे सगळ्यांना ठाऊक होते. पण चोरून पाहायचे नाही, आणि पाहिलेच तर दुसऱ्या दिवशी तोंड मिटून बसायचे, असा दंडक बायकांनी स्वतःच घातला होता आणि तो पाळलाही जात होता. दिवसभर राबणाऱ्या माणसांनी आपल्या श्रमाचा एक भाग ऐकण्यासाठी राखून ठेवावा, या गोष्टीला करमणूक हे नाव फार अपुरे आहे.

सांगायला उभी राहण्यापूर्वी मावशी पिशवीतून लांबचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवी. वस्तुतः कारखान्यात तिला त्याची गरज नव्हती. खळीच्या वाफेने तो धुरकट होई, म्हणून सकाळभर तो पिशवीतच असे. पण काल संध्याकाळी ज्या काचांतून पाहिले, त्याच काचा डोळ्यांवर असल्याशिवाय तिला चित्र दिसत नसे. चष्मा लागला की ती न अडखळता तासभर बोले. घोड्यांच्या टापा, राणीच्या पैंजणांचा आवाज, कोण कुठल्या दारातून आत आले, कुणाच्या अंगरख्याचा रंग कोणता, काही सुटत नसे. घडी घालणाऱ्या हातांनी त्या बोलण्याची लय उचललेली होती. वाक्य संपे तिथे ताव दुमडला जाई.

मालिका होती एका डोंगरी राज्याची. राजा मरण पावलेला, गादीवर तरुण राणी, खिंडीपलीकडे एक बलाढ्य बादशाह आणि त्याचा गोडबोल्या दूत. दूताची भाषा राणीला येत नाही, राणीची दूताला येत नाही, आणि दोघांच्या मध्ये उभा आहे एक दुभाष्या. उंच, किंचित पोक काढून चालणारा, हात नेहमी पाठीमागे बांधलेले. तलवारीला त्याने कधी हात लावला नाही. पण मावशीचा सगळा जीव त्याच्यावर.

"बाकीचे सगळे आपापलं बोलतात," ती म्हणे. "हा एकटा दुसऱ्याचं बोलतो, आणि तेही जसंच्या तसं. शिवी असली तर शिवी, कौतुक असलं तर कौतुक. करून दाखवा म्हणावं कुणी."

अठ्ठावन्नाव्या भागात त्याने सोन्याचे कडे परत केले होते. नव्वदाव्या भागात अंगात ताप असताना दोन दिवस उभे राहून त्याने तहाची कलमे सांगितली होती. ही सारी प्रमाणे मावशीला भागांच्या क्रमांकासह पाठ होती.

आणि मग एका मंगळवारी दोनशे बारावा भाग लागला.

मावशीचे यजमान हे निवृत्त बसड्रायव्हर. मालिका ते मन लावून पाहत नसत, पण शेजारी बसत. पडद्यावर घोडे उधळले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबी. त्या संध्याकाळी घोडे नव्हते. एका कोनाड्यात दूत आणि दुभाष्या दोघेच होते. दूताने मखमली थैली पुढे केली, दुभाष्याने इकडेतिकडे पाहिले आणि ती कमरेला खोचली. पुढच्या दृश्यात दरबार. दूत आपल्या भाषेत म्हणाला, खिंड उघडा, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत तुमचा किल्ला आमचा असेल. दुभाष्याने पाठीमागे हात बांधले आणि राणीला सांगितले, बादशाहाला मैत्री हवी आहे, व्यापाऱ्यांसाठी वाट मोकळी करा, एवढीच त्यांची विनंती आहे.

"अहो, हे काय केलं यांनी?" मावशी उठून उभी राहिली.

"काय केलं? थैली घेतली."

"तो घेणार नाही."

"अगं, घेतली की. आत्ता तुझ्यासमोर कमरेला खोचली."

"खोचली असेल. पण तो घेणारा माणूस नाही."

"मग कुणी घेतली? मी?"

स्वयंपाकघरात जाऊन मावशीने एक घासलेले पातेले पुन्हा घासायला घेतले.

यजमान दारात येऊन उभे राहिले. "अगं, दोनशे भाग झाले त्यांचे. लिहिणाऱ्याला काही सुचेनासं झालं की तो कुणालातरी फितूर करतोच."

"मग सेनापतीला करायचा ना! त्याच्या मिशा बघूनच मला कधी भरवसा वाटला नाही. मिळाला कोण यांना? जो गरीब बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"नट आहे तो. आता घरी जाऊन जेवत असेल."

"तो जेवत असेल हो. दुभाष्याचं काय?"

यजमानांनी पातेले तिच्या हातातून घेऊन पुसून फळीवर ठेवले. तीस वर्षे बस चालवून त्यांना एवढे समजले होते, की काही वळणांवर हॉर्न वाजवून उपयोग नसतो, गाडी हळू करावी लागते.

बुधवारी सकाळी मावशी कारखान्यात गेली ती खरे तेच सांगायचे ठरवून. खळ शिजवताना तिने मनाशी वाक्येही जुळवली. नऊ वाजले, टेबलांवर ताव पडले, घडी दाबायच्या हाडाच्या पट्ट्या हातांत आल्या. चौघी घडीच्या टेबलाशी बसल्या आणि तिघी उचलीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. उचलीचे टेबल लांबलचक असते. त्यावर बारा फर्म्यांचे बारा ढीग क्रमाने मांडलेले असतात, आणि टेबलाच्या कडेने चालत प्रत्येक ढिगातला एकेक फर्मा उचलत गेले की दुसऱ्या टोकाला एक पुस्तक हातात येते. या टेबलाशी नव्याने आलेली बाई म्हणजे कारखान्यात कामाला असलेल्या दोन जावांपैकी थोरली. बसून काम केले की तिचे गुडघे धरत. फार दिवस मागणी केल्यावर महिन्यापूर्वी तिला ही चालती जागा मिळाली होती आणि तेव्हापासून ती गुडघ्यांविषयी बोलायची थांबली होती.

मावशीने चष्म्यासाठी पिशवीत हात घातला, तोच थोरली म्हणाली, "मावशी, दुभाष्यापासून सुरू करा हं. तो आला की माझे पाय चालतात."

धाकटी घडीच्या टेबलावरून म्हणाली, "ताई, घरी भाऊजी आले तरी तुमचे पाय चालत नाहीत एवढे."

सगळ्या हसल्या. मावशीचा हात पिशवीतून रिकामाच बाहेर आला. ती म्हणाली, "दूताने थैली पुढे केली. मखमली, ही एवढी. आणि दुभाष्याने... दुभाष्याने दोन बोटांनी ती तशीच मागे सारली."

"वाटलंच मला!" थोरली म्हणाली, आणि तिने पहिला फर्मा उचलला.

एका निष्ठावान माणसाची बदनामी मावशीला सहन झाली नाही, म्हणून तिने त्याची बाजू घेतली. त्याच्यावर घातलेला आरोप कोणता, तर एकाचे बोलणे दुसऱ्यापर्यंत पोचवताना त्याने ते मध्येच बदलले. आणि ती बाजू घेताना मावशीने केले काय, तर एकाचे सांगणे सात जणींपर्यंत पोचवताना तेही मध्येच बदलले. हे तिच्या ध्यानात आले नाही. चांगल्या हेतूने केलेला फेरफार करणाऱ्याला फेरफार वाटत नाही, दुरुस्ती वाटते.

मात्र खोट्याची अडचण अशी, की त्याला रोज खायला घालावे लागते. मालिकेत राणीने फसून खिंड उघडली आणि गुरुवारपर्यंत शत्रूची माणसे व्यापाऱ्यांच्या वेषात किल्ल्यात शिरलीसुद्धा. मावशीच्या कथेत दुभाष्या इमानी असल्यामुळे राणी सावध होती, खिंड बंद होती, आणि त्यामुळे काहीच घडत नव्हते. दूताला परत पाठवावे, तर पुढे सांगायचे काय? अखेरीस गुरुवारी मावशीने दूताचे पोट बिघडवले.

"एवढा मोठा दूत आणि पोट बिघडलं?" धाकटीने विचारले.

"परक्या ठिकाणचं पाणी," मावशी म्हणाली.

"मग औषध कोण देतंय त्याला?"

मावशी थांबली. तीन-चार फर्म्यांइतका वेळ गेला. "राजवैद्य," ती म्हणाली. "म्हातारा आहे. पांढरी दाढी."

"आजवर दिसला नाही तो."

"आजवर कुणाचं पोट बिघडलं नव्हतं."

घडीच्या टेबलाच्या टोकाला बसलेल्या आक्कांनी या वेळी मान वर करून मावशीकडे पाहिले. आक्का सर्वांत वयस्क. त्या कारखान्यात आल्या तेव्हा मालकांचे वडील स्वतः शिलाईला बसत. आक्का क्वचित बोलत, आणि काम करताना मान तर मुळीच वर करीत नसत. त्यांनी पाहिले आणि पुन्हा ताव दुमडला.

त्या संध्याकाळी यजमानांनी विचारले, "तू मघापासून कुणाशी बोलतेस?"

"वैद्याशी," मावशी म्हणाली आणि मग स्वतःच दचकली.

शुक्रवारी उचलीवर चारशे प्रतींचे एक पुस्तक होते, प्रथमोपचारांचे. दूताचे पोट अद्याप ठीक नव्हते. मावशीने त्याला पथ्यावर ठेवले, राणीला एक स्वप्न पाडले, सेनापतीच्या मिशांना आग लागता लागता राहिली असे सांगितले, आणि प्रत्येक प्रसंगापूर्वी ती थांबली, पाणी प्यायली, पदराने तोंड पुसले. दहा वाजले तेव्हा ती खळ शिजवून कधी दमली नव्हती इतकी दमली होती.

दुपारी तपासनीस आले. हे शांत स्वभावाचे, कानावर पेन्सिल खोचलेले गृहस्थ होते, आणि सगळ्या बायका त्यांना भाऊ म्हणत. शिलाईला जाण्यापूर्वी प्रत्येक गठ्ठा पाहणे हे त्यांचे काम. पुस्तक उघडायची त्यांना गरज पडत नसे. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापताना एक काळी खूण उमटवलेली असते, आणि ती दर फर्म्याला थोडी खाली सरकत जाते. बारा फर्मे क्रमाने लागले, की पाठीवर वरपासून खालपर्यंत काळ्या पायऱ्यांचा एक सरळ जिना दिसतो. फर्मा चुकला तर पायरी चुकते.

भाऊंनी एक गठ्ठा टेबलावर आणून ठेवला. "एकतीस प्रती," ते म्हणाले. "सहावा फर्मा दोनदा आहे. सातवा नाहीच."

"सहाव्यात काय आहे?" कुणीतरी विचारले.

"मोडलेलं हाड. आणि सातव्यात भाजणं." भाऊंनी चेहरा न बदलता सांगितले. "म्हणजे या पुस्तकात माणसाचं हाड दोनदा मोडतं, आणि भाजलेल्याला कुणी विचारत नाही."

धाकटी हसू लागली. मग गठ्ठा कुणाच्या जागेवरचा आहे हे पाहून तिचे हसू थांबले. एकतीसही प्रती थोरलीच्या होत्या.

"मी तर नीट चालत होते," थोरली म्हणाली. "भाऊ, खरंच, रोजच्यासारखीच चालत होते."

"एखाद-दुसरी चुकते सगळ्यांचीच. एकतीस नाही चुकत. हे पुस्तक परिचारिकांच्या शाळेत जाणार आहे." भाऊंनी कानावरची पेन्सिल काढली, पाहिली आणि परत खोचली. "सोमवारपासून तुम्ही घडीवर बसा. उचलीला दुसरं कुणीतरी बघू."

आपल्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून थोरली नुसती उभी राहिली, जणू ते कुणी काढून नेणार होते.

मावशीने गठ्ठ्याकडे पाहिले. चारशे प्रतींपैकी एकतीस, आणि त्या प्रत्येकीत सातव्या ढिगापाशी, मावशीच्या अगदी समोर, थांबलेले एक पाऊल. थोरली गोष्टीच्या लयीवर चालते. गोष्ट थांबली की तिचे पाय थांबतात. आणि थांबलेला हात पुन्हा हलतो तेव्हा मागचा ढीग झाला की नाही हे त्याला आठवत नाही, तो पुन्हा त्याच ढिगावर पडतो. हे मावशीला इतक्या स्पष्टपणे दिसले, की चष्म्याचीही गरज पडली नाही.

"भाऊ, तिची चूक नाही," ती म्हणाली. "माझी आहे."

"तुम्ही उचलीवर नव्हता, मावशी."

"बोलण्यावर होते ना."

भाऊंना काही उमगले नाही. आक्कांनी हातातली हाडाची पट्टी खाली ठेवली.

"तीन दिवस झाले, तुझा चष्मा पिशवीत आहे," आक्का म्हणाल्या. "बघितलेलं सांगताना तू कधी पाणी मागत नाहीस गं. या तीन दिवसांत माठ रिकामा केलास. मी म्हटलं, विचारू नये, आपण होऊन बोलेल."

"आक्का..."

"बोल आता."

मावशी बोलली. थैली कमरेला खोचली गेली होती, राणीला खोटे सांगितले गेले होते, खिंड तीन दिवसांपूर्वीच उघडली होती. दूताचे पोट अगदी ठणठणीत होते आणि राजवैद्य नावाचा मनुष्य त्या मालिकेत नव्हताच. सांगताना तिने कुणाकडे पाहिले नाही. संपल्यावर म्हणाली, "तुम्ही माझ्या वाटणीचे ताव घातलेत ते काल काय झालं हे ऐकायला. मी मला काय व्हायला हवं होतं ते सांगितलं. तीन दिवसांचे साडेचारशे ताव मी घालून देते. आणि सांगण्याचं काम दुसऱ्या कुणाला द्या."

थोरलीने विचारले, "तो खरंच फितूर झाला?"

"झाला गं."

"आपला दुभाष्या?"

"हो."

थोरली खाली बसली. आपली जागा जाणार हे ऐकून जी बसली नव्हती, ती आता बसली.

धाकटी उसळून म्हणाली, "मग मावशीचाच बरा होता की! आपल्याला काय करायचंय टीव्हीवाल्यांचं खरं? ते तरी कुठलं खरं? तेही कुणीतरी बसून लिहिलेलंच ना?"

हा आक्षेप दिसतो तितका पोरकट नव्हता, आणि कारखान्यात क्षणभर त्याला अनुकूल अशी हालचालही झाली. पण आक्का म्हणाल्या, "बरा होता. मी कुठे नाही म्हणते? मलाही आवडला. पण तो कुणाचा, ते सांगायला हवं होतं. मी ताव घातला तो त्यांच्या दुभाष्यासाठी, आणि मला मिळाला हिचा. हिचा हवा होता तर मी हिचा म्हणून मागून घेतला असता."

धाकटीने पुढचा ताव ओढून दुमडला.

निवाडा लगेच झाला आणि तो आक्कांनीच केला. साडेचारशे ताव मावशीने घालायचे. एकतीस प्रती सगळ्यांनी मिळून आत्ता सोडवून पुन्हा लावायच्या. सांगण्याचे काम मावशीकडेच राहील, कारण ते दुसऱ्या कुणाला जमत नाही. धाकटी सांगू लागली तर राणीचे लग्न तिसऱ्याच दिवशी होईल. मात्र यापुढे जे पाहिले ते चष्मा लावून सांगायचे. त्यात स्वतःचे काही घालायचे असेल, तर आधी चष्मा काढायचा, सगळ्यांना दिसेल असा काढायचा, आणि मग खुशाल घालायचे.

"आणि भाऊ, हिची जागा?" आक्कांनी थोरलीकडे बोट केले.

भाऊंनी गठ्ठ्याकडे पाहिले, थोरलीच्या गुडघ्यांकडे पाहिले. "मावशी चष्मा लावणार असतील तर राहू दे," ते म्हणाले. जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारले, "तो सेनापती तरी शाबूत आहे ना?"

"आहे," मावशी म्हणाली. "मिशांसकट."

पुढचे दहा दिवस ही पद्धत चालली, आणि तिने कारखान्याला एक नवी गोडी लावली. मावशी आधी चष्मा लावून त्यांचे सांगे. मग कुणीतरी म्हणे, "आता काढा," आणि ती चष्मा काढून पदराला पुशीत आपले सांगे. दोन्ही कथा शेजारी शेजारी वाहू लागल्या. एकीत किल्ला पडला, दुसरीत टिकला. राजवैद्य तर दुसरीत इतका लाडका झाला, की त्याला एक मुलगी आणि दोन बकऱ्या द्याव्या लागल्या. बायका दोन्हींविषयी भांडत, आणि भांडताना कोणती कुणाची यात कधी गोंधळ होत नसे. लटके म्हणून सांगितलेले लटके कुणाला फसवीत नाही. मावशीने आपले ताव दुपारच्या सुट्टीत घातले. शेवटचे शंभर थोरलीने तिच्या नकळत घालून टाकले आणि विचारल्यावर साफ नाकारले.

मग दोनशे पंचविसावा भाग लागला. तो पाहून मावशी त्या संध्याकाळी पातेले घासायला उठली नाही. मालिका संपल्यावरही बसून राहिली. यजमान म्हणाले, "आता काय? परत फितूर झाला कुणी?" ती म्हणाली, "नाही. शेवट बरोबर केला त्यांनी." यजमानांनी टीव्ही बंद केला.

सकाळी ती मधल्या जागेत उभी राहिली आणि तिने चष्मा लावला.

किल्ला परत घेतला गेला होता. दरबार भरला. एका बाजूला पकडलेला दूत, मध्ये दुभाष्या, हात पाठीमागे, पण या वेळी दोरीने बांधलेले. राणी म्हणाली, दूताला सोडून देते, त्याने आपल्या बादशाहाला इथे काय झाले ते सांगावे. आणि जो आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहून खोटे बोलला, त्याला आजच्या आज खिंडीपलीकडच्या बर्फात सोडून द्यावे. या राज्यात कुणी त्याच्याशी, कोणत्याही भाषेत, बोलू नये. हे दूताला सांग, असे ती दुभाष्यालाच म्हणाली. दुसरे कुणी सांगणार नव्हते, कारण ती भाषा दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

"त्याला काहीही सांगता आलं असतं," मावशी म्हणाली. तिचा आवाज एकसारखा चालला होता. "मला सोडवा म्हणून सांगता आलं असतं. राणी घाबरली आहे म्हणून सांगता आलं असतं. कुणाला कळणार होतं? त्याने मान वर केली आणि सांगितलं. जसंच्या तसं. बर्फ म्हणाली तिथे बर्फ. दूताला खरं वाटेना. त्याने विचारलं, ती खरंच असं म्हणाली का? तर दुभाष्या राणीकडे वळला आणि म्हणाला, ते विचारतायत, आपण खरंच असं म्हणालात का."

कुणाचा हात थांबला नाही. ताव दुमडले जात होते, पट्ट्या फिरत होत्या, टेबलाच्या कडेने तीन जोड पावले चालत होती.

"राणी म्हणाली, सांग, असंच म्हणाले. आणि त्याने तेही सांगितलं."

मावशी थांबली. पण गोष्टही तिथेच थांबली होती, त्यामुळे सगळ्यांचे हात तिच्याबरोबर, एकाच वेळी, थांबले. धाकटीने खराब तावाच्या एका तुकड्याला नाक पुसले.

"मावशी, आता काढा ना चष्मा," ती म्हणाली.

"आज नको. त्यांनी केलंय ते बरोबर आहे."

आक्कांनी मान वर करून पाहिले, आणि या खेपेस त्यांनी ती लगेच खाली घातली नाही.

भाऊ आले, त्यांनी गठ्ठ्यांच्या पाठी न्याहाळल्या. वरपासून खालपर्यंत काळा जिना, एकही पायरी चुकलेली नव्हती. थोरलीच्या गठ्ठ्यावर त्यांनी उगाचच पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

थोरली मात्र अजून टेबलाच्या टोकाशीच उभी होती. शेवटचे पुस्तक तिच्या हातात होते.

"बर्फात सोडला," ती हळूच म्हणाली. "अंगावर काही दिलं का त्याला? निदान एखादा जाड कोट?"

मावशीने तोंड उघडले आणि मिटले. मग दोन्ही हातांनी, सगळ्यांना दिसेल असा, तिने चष्मा काढला.

"दिला गं," ती म्हणाली. "आत लोकर होती."